सोळा पेट्यांची शिल्लक

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात बकफास्ट नावाचा बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. १९१० साली कार्ल केर्ले हा अकरा वर्षांचा जर्मन मुलगा तेथे आला. पुढे तोच ब्रदर अॅडम या नावाने जगातील मधुपालकांना परिचित झाला. १९१५ मध्ये त्याला मठाच्या मधमाशांकडे नेमण्यात आले, आणि त्याच सुमारास मठावर संकट कोसळले.

विसाव्या शतकाच्या आरंभी आइल ऑफ वाइट बेटावर मधमाशांत एक विलक्षण रोग उद्भवला होता. उडण्याची शक्ती गेलेल्या माशा पेटीसमोर सरपटत मरून पडत. पाहता पाहता तो रोग ब्रिटनभर पसरला. बकफास्टच्या ४६ वसाहतींपैकी ३० नष्ट झाल्या. उरल्या अवघ्या १६. शुद्ध देशी काळ्या माशांच्या वसाहती गेल्या आणि परदेशी रक्ताच्या राण्यांच्या तेवढ्या टिकल्या, हे त्या तरुणाच्या ध्यानी आले. रोगाला तोंड देण्याचे बळ वंशात असेल, तर ते निवडून वाढवता येईल, हा विचार तेथे रुजला.

परंतु गाईबैलांची पैदास करावी तशी मधमाशीची करता येत नाही. राणीमाशीचे मीलन उंच आकाशात, अनेक नरांशी होते. शिवाय नर हा अफलित अंड्यातून जन्मतो. त्याला पिता नसतो, केवळ माता असते. म्हणून राणीसाठी नर निवडायचा म्हणजे त्या नराची माताच निवडावी लागते. यावर उपाय म्हणून १९२५ साली ब्रदर अॅडम यांनी डार्टमूरच्या ओसाड माळरानावर मीलनकेंद्र स्थापिले. तेथे दुसऱ्या माशांचा वावर नव्हता. आणलेल्या निवडक वसाहतींचेच नर राण्यांना भेटत.

उद्योगीपणा, सौम्य स्वभाव, रोगप्रतिकार आणि घर सोडून जाण्याची अनिच्छा, हे गुण एकत्र आणण्यासाठी १९५० पासून त्यांनी युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका पालथी घातली. नव्वदीच्या उंबरठ्यावर, १९८७ साली, ते किलिमांजारोच्या परिसरातही गेले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या यशाला दुसरी बाजूही आहे. परसात दोनचार पेट्या ठेवणाऱ्याने अशी संकरित राणी आणली, तरी तिच्या मुलींचे मीलन आसपासच्या कोणत्याही नरांशी होते. मग एकदोन पिढ्यांत सौम्यपणा ओसरून माशा चिडखोर निपजू शकतात. शिवाय नामशेष झाली असे ज्या ब्रिटिश काळ्या माशीबद्दल ब्रदर अॅडम मानीत, ती आडरानांत टिकून असल्याचे पुढील संशोधनात दिसून आले. स्थानिक हवेस सरावलेला तो वंश जपण्यासाठी आज तेथे मधुपालकांचे गट झटत आहेत.

आपल्याकडेही १९९१-९२ च्या सुमारास कर्नाटक, केरळ व तामिळनाडूत थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने सातेरी माशीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. नंतर ज्या टिकल्या, त्यांच्यापासूनच पुन्हा पेट्या भरू लागल्या. बकफास्टच्या सोळा पेट्यांनी शिकविले तेही हेच: रोगाने काय नेले यापेक्षा काय शिल्लक ठेवले, हे पारखून पाहावे. मात्र पारख करणाऱ्याने आपल्या नजरेआड काही उरलेच नसेल, असे समजू नये.