यूएसबी आणि घरचा बोर्ड: बोलणं नक्की कुठे तुटतं?

तळेगाव-लोणावळ्याकडच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी घरीच बोर्ड बनवणाऱ्या पोरांना एक वाक्य तोंडपाठ असतं, 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड'. एलईडी पेटतोय, प्रोग्रॅम बरोबर आहे, पण कॉम्प्युटर ओळखच द्यायला तयार नाही. मग केबल बदल, आयसी बदल, शेवटी वैतागून बाजारातून तयार बोर्ड आण! पण मंडळी, हा बिघाड लहरी नाही. त्याची मुळं इतिहासात आहेत.

त्याआधीचा जमाना सीरियल पोर्टचा. आरएस-२३२ हे मूळ १९६० सालचं मानक. तीन वायरी, एक मॅक्स-२३२ आयसी आणि दोन्हीकडे सारखा बॉड रेट, झालं काम. 'तू कोण?' असं कॉम्प्युटर विचारायचाच नाही. पण प्रत्येक यंत्राचं पोर्ट वेगळं, सेटिंग वेगळं, म्हणून सामान्य माणूस जेरीस यायचा.

१९९४ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम वगैरे सात कंपन्या यावर उपाय शोधायला एकत्र आल्या. यात मोठा वाटा इंटेलच्या अजय भट्ट यांचा. ते बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे इंजिनियर. तिथली इंजिनियरिंग शाखा म्हणजे सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळकेही शिकले. असो. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं. नियम असा, की प्रश्न फक्त कॉम्प्युटर विचारणार आणि यंत्राने वेळेत उत्तर द्यायचं. वापरणाऱ्याची कटकट गेली, ती बनवणाऱ्याच्या डोक्यावर आली.

बनवणारे दिग्गजही यातून सुटले नाहीत. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोला बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून क्रिस कापोसेला यांनी विंडोज ९८ दाखवताना यूएसबी स्कॅनर जोडला आणि पडदा निळा झाला. सगळ्यांसमोर!

कर्जतला घाटासाठी मागून बँकर इंजिन लागलं, की आधी जोडणी, मग ब्रेकची तपासणी आणि मगच गाडी खंडाळ्याकडे निघते. यूएसबीचंही तसंच, पायरी चुकली की गाडी जागेवर. म्हणून बोलणं कुठपर्यंत झालं ते आधी बघा.

कॉम्प्युटर काहीच म्हणत नाही? म्हणजे त्याला कोणी आलंय हेच कळलेलं नाही. ही खूण दीड किलो-ओहमचा पुल-अप रेझिस्टर देतो. तो डी-मायनसवर असेल तर लो स्पीड, डी-प्लसवर असेल तर फुल स्पीड. रेझिस्टर तपासा आणि केबल फक्त चार्जिंगची नाही ना, तेही बघा.

'नॉट रेकग्नाइज्ड' आलं? मग पुल-अप दिसलाय, उत्तर मात्र नीट आलेलं नाही. डी-प्लस आणि डी-मायनसची अदलाबदल झाली असेल. किंवा क्रिस्टल लावलाय, पण फ्यूज बिट बदललेले नाहीत. नवा एटीमेगा-८ आतल्या १ मेगाहर्ट्झवरच चालतो. पाच व्होल्टच्या सर्किटात सिग्नल खाली आणायला ३.६ व्होल्टचे झेनर लावतात. तिथे एक वॅटचे लावले तर त्यांच्या कपॅसिटन्समुळे सिग्नल बिघडतो, छोटे लावा. शिवाय मावळातला पावसाळा! घरी एच केलेल्या बोर्डाचं उघडं तांबं दमट हवेत काळं पडतं, त्यामुळे फ्लक्स पुसा आणि तांब्यावर कथिल चढवा.

ड्रायव्हर मागतोय? अभिनंदन, वायरिंग ठीक आहे. आता सोल्डरिंग गन खाली ठेवा.

हळूहळू लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट गायब झाला आणि घरगुती बोर्ड बनवणारे अडचणीत आले. तेव्हा व्हिएन्नाच्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंटने व्ही-यूएसबी मोकळं करून दिलं. यूएसबीचं हार्डवेअरच नसलेला साधा एव्हीआर केवळ प्रोग्रॅमच्या जोरावर लो स्पीड यूएसबी बोलू लागला. आपल्याकडे पोरं वापरतात तो यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर त्यावरच उभा आहे.

तयार बोर्ड वाईट नाही, वेळ वाचतो. पण ओळख न देणाऱ्या बोर्डापुढे मल्टिमीटर घेऊन दोन तास बसलेल्या पोराला यूएसबी म्हणजे काय ते कळतं. पुढे नोकरीत एखादी सिस्टिम गप्प झाली, की 'बोलणं कुठे तुटलं?' हा प्रश्न त्यालाच आधी सुचतो.