माळवदावरची माती

पडलेली विहीर, फुटलेलें तळें, ढासळलेलें देऊळ यांचा जो उद्धार करील त्यास तें नव्यानें बांधल्याचेंच फळ मिळतें, असें आपले स्मृतिकार सांगतात. या वचनाच्या आधारानें आपल्याकडे पुष्कळ जीर्णोद्धार झाले. वेरूळचें घृष्णेश्वराचें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं पुन्हा उभें केलें, हें तर सर्वश्रुतच आहे. परंतु स्मृतिकारांच्या त्या यादींत राहतें घर नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. विहिरीस पुण्य आहे, देवळास आहे. घराच्या उद्धारास नाहीं. सरकारची दृष्टीहि याहून फारशी निराळी म्हणतां येणार नाहीं. कंधारच्या किंवा औशाच्या किल्ल्यास पुराणवस्तुखात्याचें छत्र आहे. त्याच गांवांतला दीडशें वर्षांचा वाडा मात्र ज्याचा त्याचा खाजगी मामला.

अलीकडे नांदेड व लातूर या जिल्ह्यांत असे पडके वाडे विकत घेणारीं माणसें दिसूं लागलीं आहेत. त्यांत दोन तऱ्हा आहेत. एक गिऱ्हाईक घरांत शिरतांच वर पाहतें, तुळया मोजतें, खांब नखानें टोकरून बघतें, आणि जो भाव बोलतें तो लांकडाचा असतो. त्याच्या लेखीं घर ही एक वखार. दुसरें गिऱ्हाईक शहरांत नोकरी करून चार पैसे गांठीस बांधलेलें, चौकाच्या व देवळ्यांच्या प्रेमांत पडलेलें, आणि बांधकामाविषयीं सर्वस्वी अज्ञानी. आम्ही स्वतः या दुसऱ्या वर्गांतले. कंधार तालुक्यांतील एका गांवीं बारा खणांचा वाडा घेण्याचें आमच्या मनानें घेतलें, आणि त्या निमित्तानें जें वाचलें, पाहिलें व ऐकलें त्यांतून हा लेख झाला.

मराठवाड्याचा वाडा पुण्याच्या वाड्याहून निराळा. इकडे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, म्हणून छप्पर सपाट व मातीचें. त्यास माळवद म्हणतात. अशा घरास धाब्याचें घर असेंहि नांव आहे. दाराशीं ढाळज, पुढें चौक, चौकाभोंवतीं ओसरी, आंत माजघर आणि भिंतींत धान्याचें बळद, अशी सामान्यतः रचना. आधीं खांब व तुळया यांचा सांगाडा उभा करावयाचा. त्या चौकटींतील एकेका घरास खण म्हणावयाचें. वर आडवीं लांकडें, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्यावर माती. नांदेडकडे किनवटच्या रानाचा साग जवळ होता. लातूरकडे रान नाहीं. परंतु १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे तेथें पोंचली, १९१७ सालीं गंजगोलाईची आंखणी झाली, आणि आडतीच्या पैशानें तेथेंहि नवे वाडे उठले.

या सांगाड्यास बाहेरून वेढणारी भिंत दोन-अडीच फूट जाड. दिसावयास ती बुरुजासारखी भक्कम. पण पोटांत डोकावलें तर ती एक भिंत नसून दोन आहेत. बाहेरचा दगडी पदर एक, आंतला दुसरा, आणि दोहोंच्या मध्यें गोटे, खापऱ्या व माती यांचा भराव. हे दोन पदर एकमेकांस धरून राहावेत म्हणून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठिकठिकाणीं बसवावा लागतो. जाणता कारागीर तो बसवीत असे. पैसा थोडा व घाई फार अशा घरांत तो गाळला गेला. वरून गिलावा झाल्यावर कोणास काय दिसणार?

आतां माळवदाची कथा ऐका. पावसाळा तोंडावर आला कीं गांवच्या पांढरींतली माती आणावी, वर पसरावी, पाणी शिंपून चोपावी, ही इकडची जुनी रीत. पांढरी माती पाणी झिरपूं देत नाहीं, असा अनुभव. नवा थर पडे, पण जुना काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. आज्याच्या मातीवर बापाची, बापाच्या मातीवर लेकाची, असे थर चढत जात. आम्हीं पाहिलेल्या वाड्यांत एके ठिकाणीं हा थर दोन फुटांहून अधिक भरला. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशें घनफूट. घनफुटास पंचेचाळीस किलो धरले तरी नऊ हजार किलो, म्हणजे नव्वद क्विंटल, होतात. तुरीचीं नव्वद क्विंटल पोतीं डोक्यावर रचून त्यांखालीं पिढ्यान् पिढ्या लोक सुखानें निजत आले, असा याचा अर्थ.

विल्यम मॉरिस यानें इंग्लंडांत १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ एक संस्था काढली. त्यापूर्वीं, १८४९ सालीं, रस्किननें जीर्णोद्धार ही एक लबाडी आहे अशा अर्थाचें लिहून ठेवलेंच होतें. मॉरिसचा उपदेश असा कीं, रोजची निगा राखा म्हणजे जीर्णोद्धाराची पाळीच यावयाची नाहीं. हा उपदेश आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितला, आणि त्यांत शंकेस जागा आहे असें आमच्या मनांतहि आलें नाहीं. माळवदावर उभे राहिल्यावर मात्र ती शंका आली. येथें निगा राखणारानेंच घर जड करून ठेवलें होतें. हयगय करणाराचें माळवद गळलें पण हलकें राहिलें. त्याच्या तुळया कुजल्या हें अर्थात् नजरेआड करून चालणार नाहीं. मॉरिसपुढें दगडी देवळें होतीं, मातीचें छप्पर नव्हतें, हा कांहीं त्याचा अपराध नव्हे.

या वजनाचा हिशेब ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटांनीं झाला. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक उशिरां अंथरुणास पाठ लावून होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें कांहीं क्षणांत मातीस मिळालीं. सरकारी गणनेनें सुमारें आठ हजार माणसें गेलीं, कांहीं दगडाखालीं चेंगरून, कांहीं मातीखालीं गुदमरून. पुढें ज्या अभियंत्यांनीं पाहणी केली त्यांच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. भिंतींचे पदर सुटून त्या कोसळल्या असतां, पुष्कळ घरांतला लांकडी सांगाडा जागच्या जागीं उभा होता. ज्यांच्या डोक्यावर तो टिकला तीं माणसें वांचलीं.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें मोठें पुनर्वसन झालें. बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, हें बहुतेकांस ठाऊक आहे. तेरा जिल्ह्यांत मिळून लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्तीची व बळकटीची योजनाहि त्याच कार्यक्रमांत होती, हें फारसें कोणी सांगत नाहीं. आमच्या विषयाशीं संबंध तिचाच आहे. तींतले उपाय साधे होते: माळवदावरची माती उतरवून आठ-नऊ इंचांवर आणावी, भिंतीस भोंकें पाडून त्यांत सळई घालून काँक्रीट भरावें, म्हणजे गाळलेल्या आरपार दगडाची जागा भरून निघते, तारेची जाळी व सिमेंट यांचा पट्टा घराभोंवतीं बांधावा, आणि खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपा टेकू द्यावा. घर पाडावें लागत नाहीं. परंतु अनेकांनीं त्या पैशांत जुन्या घराशेजारीं सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुनें घर तसेंच टाकलें. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. ज्यानें आपलें मूल ढिगाऱ्यांतून बाहेर काढलें त्यास, "तुझ्या भिंतींत आरपार दगड नव्हता, एरव्हीं ती वाईट नव्हती," असें कोणत्या तोंडानें सांगावें? मात्र परिणाम असा झाला कीं, दगडाची भीति बसली आणि लांकूड विकावयास निघालें. ज्या सांगाड्यानें माणसें वांचविलीं तोच सांगाडा आज प्रथम उतरतो व ट्रकांतून दूर जातो. वर उल्लेखिलेलें पहिलें गिऱ्हाईक त्याचेंच.

नांदेड शहराची गोष्ट थोडी वेगळी. तेथें १८३२ ते १८३७ या काळांत महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयानें बांधलेला गुरुद्वारा उत्तम स्थितींत आहे. २००८ सालीं गुरुता-गद्दीची त्रिशताब्दी आली तेव्हां जुन्या वस्तींतले रस्ते रुंद झाले आणि कित्येक वाड्यांचीं तोंडें कापलीं गेलीं. पुढची ढाळज गेलेला वाडा आंतून कितीहि धड असला तरी तो वाडा राहत नाहीं.

परंतु भूकंपाच्या आधीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें हे वाडे पोरके होऊं लागले होते. हैदराबाद संस्थानांतल्या जहागिरी १९४९ सालीं खालसा झाल्या. १९५० सालीं कूळकायदा आला. इनामें १९५४ च्या कायद्यानें गेलीं. तें व्हावयासच हवें होतें. मोठ्या वाड्यांच्या माळवदावर माती चढविणारे हात पुष्कळदां वेठीचे असत. वेठ गेली आणि मातीहि थांबली. मालक पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस नोकरीला लागले, वांटण्या झाल्या, आणि एका वाड्याचे सात-सात धनी होऊन सातांपैकीं एकहि पन्हळ साफ करीनासा झाला.

आम्हीं पसंत केलेल्या वाड्याचेहि सातच वारस निघाले. ते सारे सह्या करावयास राजी झाल्यावर कागदपत्रांचा जुडगा आमच्या हातीं आला. मूळ खरेदीखत उर्दूंत होतें, कारण संस्थानचा कारभार त्या भाषेंत चाले, साल फसली. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनीं तें आम्हांस वाचून दाखविलें. फसली सालांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. खत १३५८ फसलीचें होतें, म्हणजे ऑक्टोबर १९४८ नंतरच्या वर्षांतलें. निजामाचा पाडाव १७ सप्टेंबर १९४८ रोजीं झाला. विकणारा मुसलमान गृहस्थ, घेणारा आमच्या विक्रेत्यांचा आजा. सही हैदराबाद शहरांत झालेली. किंमत वाचल्यावर त्या शिक्षकांनीं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली.

त्या काळाविषयीं दोन गोष्टी एकत्र सांगितल्या पाहिजेत. रझाकारांच्या जुलमामुळें कितीतरी कुटुंबें घरांस कुलपें लावून उमरखेडासारख्या सरहद्दीपलीकडच्या गांवीं गेलीं होतीं, आणि तीं परत आलीं तेव्हां घरें जशींच्या तशीं नव्हतीं. पुढें, पोलिस कारवाईनंतर, भारत सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें ज्या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागल्याचें नोंदविलें त्यांत नांदेड एक आणि उस्मानाबाद दुसरा. आजच्या लातूर जिल्ह्याचा कांहीं भाग तेव्हां उस्मानाबादेंत मोडे. मुसलमानांच्या हत्या व लूट यांबरोबर घरें व जमिनी बळकावल्याचाहि उल्लेख त्या अहवालांत आहे. तो अहवाल कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. आपल्या इतिहासाच्या अध्यापकांनीं, आम्हीहि त्यांत आलों, पहिली गोष्ट पुष्कळ सांगितली व दुसरी टाळली.

आमच्या हातचें खत जबरीचें होतें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. नव्हतें असेंहि म्हणवत नाहीं. विक्रेत्यांपैकीं वडील गृहस्थ म्हणाले, "सर, आमच्या आजोबांनीं रोख पैसे मोजले होते." तें खरेंच असेल. आमच्या बरोबर आलेले वृद्ध गवंडी, ज्यांना सारा गांव चाचा म्हणतो, त्यांच्या वडिलांनीं या वाड्याचा गिलावा पहिल्या मालकाच्या हयातींत केला होता. आम्हीं त्यांस बाजूला घेऊन विचारलें. ते म्हणाले, "रातीं गेले म्हनत होता बा. किल्ली शेजाऱ्याकडं ठिवून गेले." याहून अधिक ते बोलले नाहींत. आम्हीं पुन्हा विचारलें तेव्हां त्यांनीं माळवदाकडे बोट केलें: "तेवढं मागलं असू द्या सर. आधी हेच्या डोस्क्यावरलं वझं उतरवा, भिताडाचं मंग बघू."

तीन महिने विचार करून आम्हीं वाडा घेतला. आम्हीं घेतला नसता तर तो पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाऊन त्याचे खांब सुटे झाले असते, ही सबब आम्हीं स्वतःस दिली. ती कितपत खरी आहे, याचा निर्णय आम्हांस स्वतःपुरताहि करतां आलेला नाहीं. जुन्या खताची मराठी प्रत करून ती आमच्या खताबरोबर ठेवली आहे. मूळ मालकाच्या कुटुंबाचा हैदराबादेंतला पत्ता मिळविण्याची खटपट चालू आहे. एका गृहस्थांमार्फत पत्र पाठविलें आहे, त्याचें उत्तर अद्याप यावयाचें आहे. चाचांच्या देखरेखीखालीं माती उतरविण्याचें काम मात्र दिवाळीपासून सुरू झालें. ती आसपासच्या शेतकऱ्यांनीं आपल्या रानांत टाकण्यासाठीं मागून घेतली. आतांपर्यंत एकतीस ट्रॉल्या गेल्या, आणि माजघरावरचे दोन खण अजून तसेच आहेत.