टपाल आणि रेल्वेतली जर्मन भाषा

तीस वर्षांच्या युद्धानंतर जर्मन दरबारांत फ्रेंचचे प्रस्थ वाढले आणि तिचे शब्द हळूहळू घराघरांत पोहोचले. त्याविरुद्धचे प्रयत्नही जुनेच. सतराव्या शतकात फिलिप फॉन झेझनने ‘आद्रेसऽ’ म्हणजे पत्त्यासाठी ‘आनश्रिफ्ट’ सुचवला. १८०१ मध्ये योआखिम हाइनरिश कांपऽ यांनी परक्या शब्दांना जर्मन पर्याय देणारा कोशच काढला. पण बहुतेक नवे शब्द कागदावरच राहिले, कारण ते वापरायला लावणारी यंत्रणाच नव्हती.

ती यंत्रणा १८७१ मध्ये जर्मन राज्ये एका साम्राज्यात एकत्र आल्यावर मिळाली. टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी खात्यातले शेकडो फ्रेंच शब्द आदेशाने बदलले. नोंदणीकृत पत्रावरचे ‘रेकोमांडीर्ट’ गेले, ‘आइनगश्रीबन’ आले. रेल्वेत हेच काम अभियंता ओटो झाराझीन यांनी पुढे नेले. फलाट ‘पेराँ’चा ‘बानश्टाइग’ झाला, तिकीट ‘बिल्येट’चे ‘फारकार्टऽ’, डब्यातला कप्पा ‘कुपे’चा ‘आब्टाइल’. प्रवाशाला हे शब्द शिकावे लागले नाहीत; तिकिटावर आणि पाटीवर ते रोजच दिसत होते. विद्वानांच्या कोशांना जे साधले नाही, ते खिडकीवरच्या कारकुनाने साधले, हे या इतिहासातले सर्वांत लक्षणीय.

हुकमाची हद्द मात्र साम्राज्यापुरतीच होती. त्यामुळे स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात प्रवासी आजही ‘बिल्येट’ काढून ‘पेराँ’वर उभा राहतो.