प्रश्न उघडा, नाव झाकलेले

1863 साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्याच्या जाहिराती शहरात भिंतींवर लावल्या. मजकूर सरळ होता. अडचणीत सापडलेल्या विधवांनी इथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, आणि मूल सोबत न्यायचे की मागे ठेवायचे हे आपल्या मर्जीने ठरवावे. यामागे एक ताजी घटना होती. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने बदनामीच्या भीतीने पोटचे मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे समाजसुधारक मलबारींच्या सक्तीच्या वैधव्यावरील टिपणांवर 1884 साली मत देताना जोतिरावांनी लिहिले की या गृहात 35 विधवा येऊन बाळंत झाल्या. आकडा लहान वाटेल; पण त्या काळात अशा बाईपुढे दुसरा रस्ता विहिरीचाच होता. या व्यवस्थेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. संस्थेचा पत्ता भिंतीवर, आत आलेल्या बाईचे नाव मात्र चार भिंतींच्या आत. विषय चव्हाट्यावर आणायचा आणि बाईला चव्हाट्यावर येऊ द्यायचे नाही, ही ती रचना. स्त्रियांच्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्यासाठी आज अ‍ॅप आणि संकेतस्थळे आखणाऱ्यांना हा प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्रात तो दीडशे वर्षांहून जुना आहे. या काळात जे उपक्रम बायकांच्या उपयोगी पडले ते या रचनेला धरून होते, आणि जे त्यांच्या अंगावर आले त्यांनी ती उलटी केली होती, असे माझे म्हणणे आहे.

फुल्यांनंतर ही रचना सर्वांत चिकाटीने राबवली ती रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी संततिनियमनाचे केंद्र उघडले त्याच वर्षी, 1921 साली, कर्व्यांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. 1923 साली त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक निघाले. या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सुटली. जुलै 1927 पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यात लेख होते, वाचकांच्या शंकांना उत्तरे होती. आणि नुसता उपदेश करून भागत नाही हे ओळखून साधने विकणारी राइट एजन्सीही त्यांनी चालवली. माहिती, सल्ला आणि साधन एका हाती देणारी आणि टपालाच्या बळावर चालणारी ही व्यवस्था होती. 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा जो खटला झाला तो नेमका वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकाला कोणी शंका विचारली तर त्याने उत्तर द्यायचे नाही काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. कर्व्यांना दंड झाला. मात्र कोर्टात आरोपी म्हणून उभा राहिला तो उत्तर देणारा. विचारणारा नामानिराळाच राहिला. जोखीम ज्याने माध्यम चालवले त्याने घ्यायची आणि आडोसा ज्याने प्रश्न विचारला त्याला द्यायचा, हे या खटल्याइतके स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल. विरोधकांना तर विषयच बंद हवा होता. 10 नोव्हेंबर 1938 रोजी रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयींसाठी आंबेडकरांच्या पक्षातर्फे मांडलेला ठरावही सभागृहाने फेटाळला.

कर्व्यांच्या या व्यवस्थेची मर्यादा मात्र तिच्या माध्यमातच होती. 1931च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम तीन साक्षर होत्या. जिला वाचता येत नाही तिच्यापर्यंत मासिक पोहोचणार ते नवऱ्यामार्फत किंवा भावामार्फत, आणि तिची शंका मासिकापर्यंत जाणार तीही त्यांच्याच हातून. म्हणजे आडोसा मिळाला तो प्रामुख्याने लिहित्या माणसाला. ज्या घरात बाईचे पत्र दुसरा कोणी फोडतो, त्या घरात टपाल गुप्त असून उपयोग नसतो. या उणिवेकडे आपण पुढे परत येऊ, कारण मोबाइलच्या जमान्यातही ती तशीच उभी आहे.

1952 साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा कर्व्यांचा अर्धा लढा जिंकल्यासारखा झाला. विषय उघडा झाला. पुढे निरोध आला, लाल त्रिकोण दवाखान्यांच्या भिंतींवर आला. पण भिंतीवरच्या त्रिकोणाबरोबर रजिस्टरही आले आणि रजिस्टरात माणसे आली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केसेस’ आणण्याची उद्दिष्टे मिळाली. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशभरात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमतही केले; राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. पुरुषांच्या संतापाने सरकार धसकले आणि सारा भार बायकांवर सरकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे 38 टक्के आणि पुरुषांचे 0.3 टक्के आढळले. इतक्या मोठ्या यंत्रणेने बाईला काय दुखते हे क्वचितच विचारले. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले: 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या त्या फक्त 8 टक्के. तोवर या कार्यक्रमाला 37 वर्षे झाली होती. अंगावरून पांढरे जाणे, पाळीतले हाल, ओटीपोटातले दुखणे या गोष्टी उद्दिष्टात बसत नव्हत्या, म्हणून त्या कागदावर आल्याच नाहीत. यंत्रणेला बाईचे नाव हवे होते, तिचा प्रश्न नको होता.

यावर पहिला आक्षेप असा की झाकपाक हाच तर मूळ रोग आहे. नाव लपवण्याची सोय करून आपण लाजेलाच खतपाणी घालतो. बायकांनी उघडपणे बोलावे हे खरे ध्येय. ध्येय बरोबर आहे, पण आधी काय आणि नंतर काय याची गल्लत त्यात आहे. फुल्यांच्या गृहात येणाऱ्या विधवेने आपली हकिगत नावानिशी जाहीर केली असती तर समाज सुधारला नसता, ती मात्र उद्ध्वस्त झाली असती. उघडपणाची किंमत चुकवायची ती संस्थेने, संपादकाने, डॉक्टरने. ज्यांना ती सर्वांत कमी परवडते त्यांच्याकडून ती आधी वसूल करणे ही सुधारणा नव्हे. विषय पुरेसा उघडा झाला की नाव झाकण्याची गरज आपोआप ओसरते. उलट नाव उघडे पडण्याच्या भीतीने प्रश्नच बंद पडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गुप्ततेच्या आड गर्भलिंगनिदान फोफावले, ही महाराष्ट्राची दुखरी आठवण आहे. त्याला आळा घालणारा कायदा सर्वांत आधी याच राज्याने 1988 साली केला. 1994 साली केंद्राचा कायदा आला आणि पुढे सोनोग्राफी केंद्रांना प्रत्येक गर्भवतीची नोंद सक्तीची झाली. मग नोंदीशिवाय चालेल कसे? उत्तर त्या कायद्यातच आहे. लिंगनिदानाला बाईला घरच्यांनी भाग पाडले असे तो गृहीत धरतो. जाब विचारतो तो डॉक्टरला आणि केंद्राला. नोंद सेवा देणाऱ्याच्या हिशेबासाठी असते, बाईच्या पाळतीसाठी नव्हे. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीने हेच पुढे नेले. एकीकडे काही परिस्थितींत मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली, दुसरीकडे बाईचे नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद झाली. सप्टेंबर 2022च्या निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन मुलीच्या बाबतीतही, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव कळवण्याची गरज नाही असे सांगितले. कायदा अखेर 1863च्या रचनेपाशी आला.

अ‍ॅपचे जग मात्र त्या रचनेपासून दूर चालले आहे. पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅपने वापरणाऱ्या स्त्रियांची माहिती फेसबुकसह इतर कंपन्यांकडे जाऊ दिली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि 2021 साली त्या कंपनीशी तडजोडीचा करार केला. सरकारी रजिस्टर उद्दिष्टासाठी भरले जात होते, हे जाहिरातीसाठी भरले जाते. बाईच्या दृष्टीने फरक थोडा. भारतात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 साली झाला, पण कायदा घरात शिरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत (2019-21) स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या 54 टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्यांच्या वाट्याला नवऱ्याचा, मुलाचा किंवा सामाईक फोन येतो, आणि कर्व्यांच्या टपालाची जी उणीव होती तीच इथे उभी राहते. नाव आणि नंबर न मागता उत्तर देणे, पाहिलेले पान मागे न उरणे, लिहिता न येणाऱ्या बाईला बोलून विचारता येणे, उत्तराबरोबर गोळी, तांबी किंवा तपासणी जवळपास कुठे मिळेल हे कळणे, आणि फोनच हाती नसेल तर आशाताईच्या तोंडून तेच उत्तर मिळणे, या गोष्टी म्हणूनच शेवटी जोडायच्या सोयी नव्हेत. आखणीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. ज्या मंचाला चालण्यासाठी बाईची ओळख लागते, तो तिच्या आरोग्यासाठी बांधलेलाच नाही. तो तिची माहिती गोळा करण्यासाठी बांधला आहे, आणि त्याला पैसा देणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे.