सार्वजनिक कर्ज, भारतातील
महसुलापेक्षा खर्च वाढल्यास शासनाने उभारलेले व परतफेड बाकी असलेले ऋण. भारतात ते मुख्यतः रोख्यांद्वारे बँका, विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह निधींकडून घेतले जाते; रोखेविक्रीची व्यवस्था रिझर्व्ह बँक पाहते. कर्ज वाढले की व्याजापोटी महसूल खर्ची पडतो, शिक्षण व आरोग्यास निधी अपुरा पडतो आणि व्याजदर चढल्यास खाजगी गुंतवणूक आक्रसते. 2003 च्या राजकोषीय उत्तरदायित्व अधिनियमाने तुटीला लगाम घातला. एप्रिल 2006 पासून केंद्राचे नवे रोखे रिझर्व्ह बँकेने थेट घेणे थांबले. 2018 च्या दुरुस्तीने केंद्राचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 40 टक्क्यांवर व राज्यांसह 60 टक्क्यांवर आणण्याचे लक्ष्य ठरले. कर्जातून उत्पादक मत्ता उभी राहणे, हीच त्याची खरी कसोटी होय.