खणण्याच्या संगणक-खेळांतील ‘खड्डा’ : एका नियमाचा इतिहास (१९७९–१९८४)

१

पडद्यावर एकावर एक मजले, त्यांना जोडणाऱ्या शिड्या आणि त्यांवरून धावणारी एक लहानशी मनुष्याकृती अशी मांडणी असलेल्या संगणक-खेळांचा इतिहास बहुधा उडीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९८१ मध्ये जपानच्या निन्तेन्डो कंपनीने ‘डाँकी काँग’ हा खेळ काढला. त्यात नायक गडगडत येणाऱ्या पिंपांवरून उडी मारू लागला, १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने त्या उडीला जगन्मान्यता मिळवून दिली, आणि तेव्हापासून उडी हेच या जातीच्या खेळांचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाऊ लागले. ही परंपरा खोटी नाही. पण अपुरी आहे. मजले आणि शिड्या यांची मांडणी उडीच्या आधीपासून अस्तित्वात होती आणि त्या काळी तिच्यातील मुख्य क्रिया उडी ही नसून खणणे ही होती. या दुसऱ्या परंपरेचा परमोत्कर्ष १९८३ च्या ‘लोड रनर’ या खेळात झालेला दिसतो.

या परंपरेचे परीक्षण करताना ‘कोण खणतो?’ हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण सर्वत्र खेळाडूच खणतो. खरा भेद दुसऱ्या एका प्रश्नाने स्पष्ट होतो : खणलेला खड्डा बुजवतो कोण? या एका नियमात १९७९ ते १९८३ या अवधीत जो पालट झाला, त्यानेच खणण्याचा अर्थ बदलला आणि खेळ खेळण्याची रीतही बदलली. प्रस्तुत विवेचनात हा संबंध अनुकरणाचा म्हणून नव्हे, तर नियमांच्या साधर्म्याचा म्हणून मांडला आहे.

२

या परंपरेचा आरंभ एका विद्यापीठात झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९७९ मध्ये टोकियो विद्यापीठातील ‘सैद्धांतिक विज्ञान गट’ या विद्यार्थी-मंडळाने ‘हेइआनक्यो एलियन’ हा खेळ तयार केला. हेइआनक्यो हे क्योतो नगराचे प्राचीन नाव, इ. स. ७९४ मध्ये ते जपानच्या राजधानीचे स्थान झाले. त्या नगराच्या काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांत परग्रहावरील प्राणी शिरले आहेत आणि त्यांचा बंदोबस्त राजाच्या एका शिपायाला करावयाचा आहे, अशी या खेळाची कल्पना. नगर वरून पाहिल्यासारखे दिसते. मजले किंवा शिड्या येथे नाहीत. शिपायाजवळ शस्त्रही नाही. तो रस्त्यात खड्डा खणतो, प्राणी त्यात अडकतो आणि तो बाहेर पडण्यापूर्वी शिपायाने तो खड्डा स्वतः बुजवावा लागतो. खणण्यास वेळ लागतो, बुजवण्यासही वेळ लागतो; आणि त्या वेळात दुसरा प्राणी पाठीमागून येण्याचा धोका असतो. येथे खड्डा हा सापळा आहे आणि त्याचे दोन्ही टोकांचे श्रम खेळाडूच्याच माथी आहेत.

१९८० मध्ये जपानच्याच युनिव्हर्सल कंपनीने ‘स्पेस पॅनिक’ हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ काढला. त्यात हीच कल्पना आडव्या नगरातून उभ्या इमारतीत आली. मजले आले, शिड्या आल्या, आणि खड्डा आता रस्त्यात न पडता मजल्याला पडू लागला. खड्ड्यात अडकलेल्या राक्षसावर घाव घालून त्याला खालच्या मजल्यावर पाडावयाचे, म्हणजे तो नष्ट होतो; काही राक्षस मात्र एकाहून अधिक मजले खाली पडल्याखेरीज मरत नाहीत, म्हणून एकाखाली एक खड्डे आधीच खणून ठेवावे लागतात. प्राणवायूचा साठा मर्यादित असल्यामुळे खेळाडूस सावकाशीही करता येत नाही. उडी या खेळात मुळीच नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील ब्रॉडरबंड या प्रकाशनसंस्थेने याच घाटाचा ‘ॲपल पॅनिक’ हा खेळ ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध केला आणि खणण्याची ही रीत दुकानांतील यंत्रांतून घरांत पोहोचली.

या तिन्ही खेळांत एक समान तत्त्व आढळते. पडद्यावरील सर्व शत्रू नाहीसे करणे हे साध्य आहे आणि खड्डा हे त्याचे साधन आहे. भूमी स्वतः निष्क्रिय आहे : खेळाडूने खणल्याशिवाय ती उघडत नाही आणि केवळ काळ गेल्याने मिटत नाही. याच सुमारास, १९८२ मध्ये, नामको कंपनीच्या ‘डिग डग’मध्ये खणणे हा मार्ग काढण्याचा उपाय झाला, हे खरे, परंतु तेथे एकदा काढलेले भुयार पुन्हा मिटत नाही. भूमी निष्क्रियच राहिली.

३

‘लोड रनर’ची जन्मकथाही विद्यापीठाच्या आवारातच घडली. डग्लस स्मिथ हे सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्राचे विद्यार्थी होते. विद्यापीठातील प्राइम ५५० या संगणकावर फोर्ट्रान भाषेत लिहिलेला ‘काँग’ नावाचा एक खेळ हे त्याचे आद्य रूप होय. पुढे ॲपल-२ साठी त्याची जी आवृत्ती झाली, तिला ‘मायनर’, म्हणजे खाणकामगार, असे नाव होते. १९८२ मध्ये ती ब्रॉडरबंडकडे पाठविली असता एका ओळीचा नकार आला. ही आवृत्ती एकरंगी होती. उसने पैसे घेऊन स्मिथ यांनी रंगीत पडदा व हाताळणीची दांडी मिळविली, खेळ सुधारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘लोड रनर’ या नव्या नावाने तो चार प्रकाशकांकडे धाडला. चारही ठिकाणांहून मागणी आली. त्यांतून त्यांनी पूर्वी नकार देणाऱ्या ब्रॉडरबंडचीच निवड केली. १९८३ मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. नावातील ‘लोड’ या शब्दाचा अर्थ ओझे असा नसून खडकातील धातूची शीर असा आहे.

या खेळात १५० पट होते. प्रत्येक पट २८ स्तंभ व १६ ओळी अशा चौकटींत बसविलेला असे. इतके पट रचण्याच्या कामी स्मिथ यांनी शेजारच्या मुलांना पैसे देऊन त्यांचे साहाय्य घेतले. शिवाय पट रचण्याचे साधन खेळाबरोबरच विकत घेणाऱ्याच्या हाती दिले होते; विटा, शिड्या, दांड्या, सोने आणि पहारेकरी हवे तेथे मांडून कोणालाही स्वतःचा पट सिद्ध करता येई. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने केलेल्या खेळात खेळणाऱ्यालाही इमारत बांधण्याचा अधिकार मिळावा, हे त्या शास्त्राला साजेसेच झाले.

४

आता खेळण्याच्या रीतीकडे वळले पाहिजे, कारण इतिहासाचा खरा पुरावा तेथेच आहे. बंगेलिंग नावाच्या कल्पित साम्राज्याने जनतेचे सोने लुबाडले आहे आणि खेळाडूने ते परत मिळवावयाचे आहे. पटावरील सर्व सोने गोळा झाले की तोवर गुप्त असलेली शिडी प्रकट होते आणि तिने पडद्याच्या माथ्यावर पोहोचले की पट संपतो. खेळाडू धावतो, शिडी चढतो, आडव्या दांडीला लोंबकळत पुढे सरकतो. कितीही उंचीवरून पडला तरी त्याला इजा होत नाही. परंतु त्याला उडी मारता येत नाही. खणता येते तेही केवळ डाव्या किंवा उजव्या बाजूच्या विटेत. स्वतःच्या पायाखालची वीट त्याला फोडता येत नाही. काही दगड अभेद्य आहेत, आणि काही विटा विटांसारख्या दिसूनही पोकळ आहेत.

खणलेली वीट थोड्या अवधीने आपोआप पुन्हा भरून येते. पूर्वीच्या खेळांपासून निराळा असा हाच तो नियम. खड्डा आता खेळाडू बुजवीत नाही, काळ बुजवितो. आणि काळाला आपपर भाव नाही : खड्ड्यात पहारेकरी असला तर तो चिरडला जातो, खेळाडू असला तर तोही चिरडला जातो. जो दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तो स्वतःच त्यात पडतो, ही मराठीतील जुनी लोकोक्ती या खेळात शब्दशः खरी ठरते.

या नियमाचे तीन परिणाम विशेष विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला परिणाम शत्रूविषयी. चिरडलेला पहारेकरी पडद्याच्या वरच्या भागात पुन्हा जन्म घेतो. म्हणून पहारेकऱ्यांची संख्या कधीच घटत नाही. मारणे म्हणजे केवळ दूर धाडणे, आणि तो नेमका अडचणीच्या जागी परत येण्याचाही संभव असतो. अडकलेल्या पहारेकऱ्याच्या डोक्यावरून चालत जाता येते. त्याने उचललेले सोने खड्ड्यात पडताच त्याच्या हातून सुटते. म्हणजे शत्रू हा आता पूल आहे, हमालही आहे. शिवाय खड्डा खणल्यापासून मिटेपर्यंतचा काळ ठराविक, आणि पहारेकरी त्यात अडकून राहण्याचा काळ त्याहून कमी असतो. त्यामुळे ताज्या खड्ड्यात पडलेला पहारेकरी वेळेवर बाहेर पडतो, तर मिटत आलेल्या खड्ड्यात पडलेला तेथेच गाडला जातो. खड्ड्याचे वय जाणणे हे या खेळातील पहिले ज्ञान होय.

दुसरा परिणाम भूमीविषयी. एखादे सोने विटांच्या दोन थरांखाली असेल, तर एकच खड्डा पुरत नाही. कारण खड्ड्यात उतरल्यावर बाजूची वीट फोडावयाची, तर तिच्यावरची जागा आधी मोकळी असावी लागते. म्हणून वरच्या थरात शेजारी शेजारी दोन विटा फोडाव्या लागतात, त्याही दूरची आधी आणि जवळची नंतर, एकेक पाऊल मागे सरत. मग जवळच्या खड्ड्यात उतरून दूरच्या खड्ड्याखालची वीट फोडावयाची. दोन थरांना तीन विटा, तीन थरांना सहा, चार थरांना दहा, असा हा क्रम वाढतो. जितके खोल जावयाचे तितके वर रुंद खणावे लागते, हे विहीर किंवा खाण खणणाऱ्यास परिचित असलेले तत्त्व येथे अंकगणिताच्या रूपाने अवतरते. त्यातच सर्वांत आधी फोडलेली वीट सर्वांत आधी मिटणार असल्यामुळे प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते.

तिसरा परिणाम परतीविषयी. कितीही उंचीवरून पडणे निर्धोक असले, तरी वर येण्यास शिडीच लागते. खाली उतरण्याचा मार्ग मागे मिटून जातो. म्हणून कोणते सोने आधी घ्यावे आणि कोणते शेवटी, याचा निर्णय हालचालीपूर्वीच करणे भाग पडते. चुकीच्या क्रमाने उतरलेला खेळाडू जिवंत असूनही हरलेला असतो. विटांनी वेढलेल्या कोनाड्यात उभे राहून त्याला स्वतः तो डाव सोडून द्यावा लागतो. हातांच्या चपळाईने येथे काही साधत नाही.

पहारेकऱ्यांची चालही याच दिशेने विचार करावयास लावते. ते खेळाडूच्या दिशेने सरळ धावत नाहीत. त्याच्या उंचीशी आपली उंची जुळविणाऱ्या वाटा ते आधी शोधतात, आणि त्यामुळे पुष्कळदा त्याच्यापासून दूर जाताना दिसतात. ही चाल अंध वाटली तरी नियमबद्ध आहे. अनुभवी खेळाडू दोन पावले वर किंवा खाली होऊन दूरच्या पहारेकऱ्याला हव्या त्या शिडीकडे वळवू शकतो.

५

१९८४ मध्ये या खेळाचा प्रसार झपाट्याने झाला. जपानमध्ये हडसन सॉफ्ट या संस्थेने निन्तेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढलेल्या ५० पटांच्या आवृत्तीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आयरेम कंपनीने नाण्याच्या यंत्रासाठी निराळी आवृत्ती तयार केली. आणि खुद्द ब्रॉडरबंडने जाणकारांसाठी ५० कठीण पटांचा ‘चँपियनशिप लोड रनर’ प्रसिद्ध केला. जपानमध्ये सुरू झालेली कल्पना अमेरिकेत परिपक्व होऊन पुन्हा जपानमध्ये परतली, असे हे वर्तुळ पाच वर्षांत पुरे झाले. डग्लस स्मिथ २०१४ मध्ये निवर्तले. तत्पूर्वी, २०१२ मध्ये, संगणकशास्त्राचे अभ्यासक जोव्हानी विल्येत्ता यांनी असे सिद्ध केले की, या खेळाचा मनःपूत वाढविलेला पट सोडविता येईल की नाही हे ठरविण्याचा प्रश्न गणनशास्त्रातील ज्ञात दुर्घट प्रश्नांच्या वर्गाइतका तरी कठीण आहे. शेजारच्या मुलांनी रचलेल्या पटांमागे दडलेली ही गहनता खेळाडूंना अनुभवाने आधीच ठाऊक होती.

तात्पर्य, ‘लोड रनर’चे वैशिष्ट्य त्याने उडी वर्ज्य केली यात नाही, पूर्वीच्या खणण्याच्या खेळांतही ती नव्हतीच. त्याचे वैशिष्ट्य असे की, खड्डा बुजविण्याचा अधिकार त्याने खेळाडूकडून काढून काळाकडे सोपविला. त्यामुळे जे केवळ शस्त्र होते ते मार्ग झाले, आणि जो पाठलाग होता तो विचार झाला. या खेळांच्या जतनाचा प्रश्न जेथे निर्माण होतो, तेथेही हेच ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. चकत्यांवरील आज्ञावली सांभाळून ठेवली म्हणजे खेळ सांभाळला असे होत नाही. ताजा खड्डा आणि मिटत आलेला खड्डा यांतील भेद, मागे सरत खणण्याची रीत, पहारेकऱ्याला दुरून वळविण्याची युक्ती, हे सारे आज्ञावलीत कोठेही लिहिलेले नाही. ते खेळणाऱ्यांच्या हातांत आहे. ते लिहून ठेवले नाही, तर पुढील अभ्यासकाला विटा आणि शिड्या मिळतील, पण त्यांवरून चालावे कसे हे त्याला कोणी सांगणार नाही. खड्ड्याप्रमाणे हे ज्ञानही आपोआप बुजणारे आहे.