डॉक्टर हू मालिकेची घरगुती मुद्रणे

डॉक्टर हू मालिकेची घरगुती मुद्रणे म्हणजे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे प्रसारण सुरू असताना प्रेक्षकांनी आपापल्या घरी करून ठेवलेली ध्वनिमुद्रणे, चित्रीकरणे आणि व्हिडिओ मुद्रणे होत. १९६३ ते १९६९ या काळात प्रसारित झालेल्या २५३ भागांपैकी अनेकांच्या प्रती बीबीसीने पुढे नष्ट केल्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या शोधानंतरही ९७ भागांची चित्रे गहाळ होती. या सर्व भागांचा ध्वनी मात्र आज उपलब्ध आहे. तो कोणत्याही संस्थेने जतन केलेला नसून प्रामुख्याने तत्कालीन शाळकरी व तरुण चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेला आहे. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या इतिहासलेखनात या मुद्रणांना प्राथमिक साधनाचे स्थान प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी

'डॉक्टर हू' मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रसारित झाला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागापूर्वी तो पुन्हा दाखवण्यात आला. शनिवारी संध्याकाळी मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र पाहावी अशी ही मालिका योजलेली होती. प्रत्येक कथा सुमारे २५ मिनिटांच्या काही भागांत विभागलेली असे आणि बहुतेक भाग उत्कंठेच्या टोकावर संपत. नायक 'डॉक्टर' याची भूमिका प्रथम विल्यम हार्टनेल (१९६३–६६) व नंतर पॅट्रिक ट्रौटन (१९६६–६९) यांनी केली. गहाळ झालेले सर्व भाग याच दोघांच्या कारकिर्दीतील आहेत.

त्या काळी एकदा चुकलेला भाग पुन्हा पाहायला मिळण्याची शक्यता फार कमी होती. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या आणि घरी चित्र मुद्रित करण्याचे साधन सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यात नव्हते. फिलिप्स कंपनीचा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर १९७२ मध्ये आला. बेटामॅक्स आणि व्हीएचएस ही यंत्रे त्यानंतरची. टेपरेकॉर्डर मात्र १९६० च्या दशकात अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचला होता. आवडती मालिका 'जवळ ठेवण्याचा' तेवढाच एक मार्ग मुलांपुढे होता.

मूळ प्रती नष्ट होण्याची कारणे

मालिकेचे बहुतेक भाग दोन इंच रुंदीच्या चित्रफितीवर मुद्रित केले जात. ही फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. प्रसारणाचे हक्क संपले, की अभियांत्रिकी विभागाच्या दृष्टीने जुन्या कार्यक्रमापेक्षा रिकाम्या फितीचे मोल अधिक ठरे. १९६७ पासून 'डॉक्टर हू'च्या फिती पुसल्या जाऊ लागल्या. १९६० च्या दशकातील एकाही भागाची मूळ प्रसारण-चित्रफीत आज शिल्लक नाही.

परदेशी विक्रीसाठी या फितींवरून १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या जात. त्या ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरिया आदी ठिकाणी गेल्या. प्रक्षेपणानंतर प्रत परत करणे, पुढच्या खरेदीदार देशाकडे पाठवणे किंवा नष्ट करणे अपेक्षित असे. रंगीत प्रसारण रूढ झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना मागणी उरली नाही आणि १९७० च्या दशकात बीबीसीच्या विक्री विभागाने आपल्याकडील फिल्म-प्रतीही मोठ्या प्रमाणावर नष्ट केल्या. फिल्म ग्रंथालयाचे काम मुख्यत्वे फिल्मवर निर्माण झालेल्या कार्यक्रमांपुरते होते, तर विक्री विभागाला मूळ फिती अभियांत्रिकी विभागाकडे असतील असे वाटत होते. जतनाची जबाबदारी निश्चितपणे कोणाचीच नसल्याने हा नाश घडला. १९७८ च्या सुमारास हे धोरण बदलले आणि उरलेल्या प्रतींचा शोध सुरू झाला.

ध्वनिमुद्रणे

घरगुती ध्वनिमुद्रणाच्या दोन पद्धती होत्या. पहिल्या पद्धतीत दूरचित्रवाणी संचाच्या ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन ठेवला जाई. ही पद्धत सोपी होती. परंतु खोलीतील बोलणे, दार लागण्याचा आवाज, भांड्यांची खणखण हे सारे फितीवर उतरत असे. दुसऱ्या पद्धतीत संचाच्या आतील ध्वनिमंडलाला तार जोडून ती थेट टेपरेकॉर्डरला दिली जाई. त्या काळच्या काही संचांत उघड्या भागांवर विजेचा दाब असल्याने हे काम धोक्याचे होते. अशा रीतीने केलेली मुद्रणे मात्र इतकी स्वच्छ आहेत, की शिल्लक राहिलेल्या काही फिल्म-प्रतींच्या ध्वनीपेक्षाही ती सरस ठरतात.

कोरी फीत स्वस्त नव्हती. त्यामुळे काही जण कमी गतीवर मुद्रण करत. त्यात अधिक वेळ मावे, पण ध्वनीचा दर्जा घसरे. काही मुद्रणांत सुरुवातीचे संगीत नाही, काहींत फीत संपल्यामुळे शेवट तुटलेला आहे. एकाच भागाची अनेक स्वतंत्र मुद्रणे उपलब्ध असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. एकातील गाळलेली जागा दुसऱ्यावरून भरता येते, आणि संशयास्पद शब्दाची खात्री दोन मुद्रणे पडताळून करता येते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी ही पद्धत मिळतीजुळती आहे.

बीबीसीने १९९२ पासून ही मुद्रणे निवेदनाची जोड देऊन ध्वनिफितींच्या रूपात प्रकाशित केली. प्रारंभीच्या संचांत 'द इव्हिल ऑफ द डालेक्स' आणि 'द मॅक्रा टेरर' या कथांचा समावेश होता. पुढील काळात ध्वनितज्ज्ञ मार्क आयर्स यांनी अनेक कथांच्या ध्वनीचे पुनर्संस्करण केले. फितीची गती सुधारणे, गुणगुण व खरखर कमी करणे आणि निरनिराळ्या मुद्रणांतील उत्तम अंश जोडणे हे या कामाचे मुख्य टप्पे होते.

दृश्य नोंदी

घरगुती दृश्य नोंदी फार थोड्या आहेत. ऑस्ट्रेलियातील एका प्रेक्षकाने ८ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा पडद्यासमोर धरून काही प्रसंग चित्रित केले होते. 'द टेन्थ प्लॅनेट' आणि 'द पॉवर ऑफ द डालेक्स' या कथांतील काही क्षणांची हालती चित्रे त्यामुळे उपलब्ध झाली. ती मूक व काही सेकंदांचीच आहेत. तरी नटाची चाल, नेपथ्याची रचना आणि कॅमेऱ्याची हालचाल त्यांत दिसते.

घरगुती नसलेल्या, परंतु या मुद्रणांना पूरक ठरलेल्या दोन साधनांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिले, छायाचित्रकार जॉन क्युरा यांची छायाचित्रे. ते प्रसारणाच्या वेळी पडद्यावरील दृश्यांची क्रमाने छायाचित्रे घेत आणि ती कलावंतांना व निर्मात्यांना विकत. एका भागाची अशी सुमारे ६० ते ८० चित्रे मिळतात. दुसरे, ऑस्ट्रेलियातील परीक्षण मंडळाने कापलेले प्रसंग. मुलांसाठी अतिभयावह ठरवून वगळलेले हे तुकडे १९९६ मध्ये तेथील सरकारी अभिलेखागारात सापडले. ज्या दृश्यांपासून मुलांना दूर ठेवायचे होते नेमकी तीच काही हरवलेल्या भागांची उरलेली दृश्ये ठरली.

रंगीत मुद्रणे

जॉन पर्टवी यांच्या काळात (१९७०–७४) मालिका रंगीत झाली. या काळातील सर्व भाग उपलब्ध असले तरी काहींच्या केवळ कृष्णधवल फिल्म-प्रतीच उरल्या होत्या. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एका चाहत्याने तेथील प्रक्षेपणावरून घरच्या बेटामॅक्स यंत्रावर काही कथा रंगीत मुद्रित केल्या होत्या. ही मुद्रणे अस्पष्ट होती. शिवाय ती अमेरिकी ५२५ रेषांच्या प्रणालीतील होती, तर ब्रिटिश प्रणाली ६२५ रेषांची होती.

मानवी डोळा बारीक तपशील मुख्यतः प्रकाशाच्या तीव्रतेतून टिपतो. रंग काहीसा पसरलेला असला तरी त्याला फारसे खटकत नाही. या गुणधर्माचा आधार घेऊन तंत्रज्ञांनी चित्राची रेखीवता कृष्णधवल फिल्मवरून आणि रंग घरगुती फितीवरून घेतला. दोन्ही चित्रांचे आकार तंतोतंत जुळत नसल्याने संगणकाच्या साहाय्याने ती एकमेकांवर बसवावी लागली. अशा रीतीने रंगीत केलेली १९७१ ची 'द डीमन्स' ही कथा १९९२ मध्ये बीबीसी २ वाहिनीवरून पुन्हा प्रसारित झाली. 'टेरर ऑफ द ऑटन्स' आणि 'डॉक्टर हू अँड द सिल्युरियन्स' या कथांसाठीही हीच पद्धत वापरण्यात आली.

पुनर्रचना

हरवलेल्या भागांचा ध्वनी आणि क्युरा यांची छायाचित्रे एकत्र करून प्रथम चाहत्यांनी स्थिरचित्रांच्या पुनर्रचना तयार केल्या. २००६ मध्ये 'द इन्व्हेजन' या कथेचे पहिला व चौथा हे गहाळ भाग मूळ ध्वनीवर सचेतपट रचून प्रकाशित झाले. 'द पॉवर ऑफ द डालेक्स' या सहा भागांच्या संपूर्ण गहाळ कथेचा सचेतपट ५ नोव्हेंबर २०१६ रोजी, मूळ प्रसारणाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, उपलब्ध करण्यात आला. अशा सचेतपटांतील चित्रे नव्याने काढलेली असली, तरी संवाद, संगीत व ध्वनिपरिणाम घरगुती मुद्रणांतूनच आलेले असतात.

सर्व कथांबाबत साधने सारखी नाहीत. निर्माते जॉन वाइल्स यांच्या काळात क्युरा यांच्याकडून छायाचित्रे घेतली गेली नाहीत. शिवाय सोळाव्या शतकातील पॅरिसमधील हत्याकांडावर आधारित 'द मॅसेकर' (१९६६) या कथेचे एकही हलते दृश्य उपलब्ध नाही. तिचा अभ्यास प्रामुख्याने ध्वनिमुद्रण, संहिता आणि मोजकी छायाचित्रे यांवरूनच करावा लागतो.

सापडलेले भाग आणि पुनर्मूल्यांकन

वेळोवेळी काही भाग अनपेक्षित ठिकाणी सापडले. १९८३ मध्ये लंडनमधील एका चर्चच्या तळघरातून दोन भाग मिळाले. १९९१ च्या अखेरीस 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही संपूर्ण कथा हाँगकाँगहून परत आली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' आणि 'द वेब ऑफ फिअर' या कथांचे नऊ गहाळ भाग नायजेरियातील जोस येथे सापडल्याचे जाहीर झाले.

या शोधांमुळे ध्वनिमुद्रणांच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'मध्ये ट्रौटन यांनी डॉक्टर आणि खलनायक सॅलमँडर अशा दोन भूमिका केल्या आहेत. केवळ ध्वनी ऐकून या कथेविषयी फारसे अनुकूल मत बनले नव्हते. चित्र उपलब्ध झाल्यावर ट्रौटन यांचा मुद्राभिनय आणि दिग्दर्शन पाहून तिची प्रतिष्ठा वाढली. संवादाविना घडणारे प्रसंग, मूक अभिनय आणि नेपथ्य यांची कल्पना ध्वनीवरून येत नाही. ऐकीव साधनावर आधारलेले मूल्यमापन त्यामुळे तात्पुरते मानणे इष्ट ठरते.

तत्कालीन इतर कार्यक्रम

हा नाश एका मालिकेपुरता मर्यादित नव्हता. थेट प्रसारित झालेल्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' (१९५३) या विज्ञानकथेच्या सहा भागांपैकी पहिल्या दोनच भागांची मुद्रणे उरली आहेत. जादूगार नायक असलेल्या 'एस ऑफ वाँड्स' (१९७०–७२) या मुलांच्या मालिकेच्या पहिल्या दोन पर्वांच्या फिती नष्ट झाल्या असून तिसरे पर्व तेवढे शिल्लक आहे.

'ए फॉर अँड्रोमेडा' (१९६१) ही सात भागांची मालिका खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जॉन इलियट यांनी लिहिली होती. मराठी विज्ञानकथेचे अग्रणी लेखक जयंत नारळीकर यांनी केंब्रिज येथे हॉइल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केले. या मालिकेचाही बहुतांश भाग नष्ट झाला. तिचा सहावा भाग २००५ मध्ये एका खासगी संग्रहातून मिळाला. इतर भागांच्या पुनर्रचनेसाठी क्युरा यांच्या छायाचित्रांचा उपयोग झाला.

महत्त्व

घरगुती मुद्रणे करणाऱ्यांचा हेतू इतिहास जतन करण्याचा नव्हता. आवडलेली गोष्ट पुन्हा ऐकता यावी एवढीच त्यांची इच्छा होती. परंतु संस्थेने कार्यक्रमाचे मूल्य पुनःप्रसारणाच्या हक्कांवर आणि फितीच्या किमतीवर मोजले, तर प्रेक्षकांनी ते पुन्हा ऐकण्याच्या ओढीवर मोजले. यातील दुसरा मापदंड अधिक दूरदर्शी ठरला.

या अनुभवातून जतनाविषयी दोन निष्कर्ष निघतात. एक, प्रती जितक्या अधिक आणि जितक्या वेगवेगळ्या हाती, तितकी कृती टिकण्याची शक्यता अधिक. दोन, निकृष्ट प्रतही टाकाऊ नसते. अस्पष्ट बेटामॅक्स फितीतील रंग किंवा मायक्रोफोनने टिपलेला संवाद त्या त्या काळी तुच्छ वाटला असता. त्यांचा उपयोग करणारे तंत्र नंतर विकसित झाले. चुंबकीय फिती कालांतराने खराब होतात आणि त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. त्यामुळे घरोघरी पडून असलेल्या जुन्या फितींवर काय आहे हे तपासून त्यांचे वेळीच डिजिटल रूपांतर करणे आवश्यक ठरते. फितीवर नाव नसणे किंवा दुसऱ्याच कार्यक्रमाचे नाव असणे हे ती टाकून देण्यास पुरेसे कारण नाही.